चवीचा अपराध

"आज माझ्या नवऱ्याच्या नावाचा दिवस आहे, सूनबाई. कार्प कुठे आहे?"

सासूबाईंनी हे स्वयंपाकघरात विचारलं असतं तर इस्क्राने नेहमीसारखं ऐकून घेतलं असतं. पण पराश्केवांनी विचारलं ते भरल्या टेबलासमोर, निकोलाबाबांचे फाउंड्रीतले जुने सोबती आणि त्यांच्या बायका रकिया दारूचे पेले हातात धरून बसलेल्या असताना... संत निकोलसच्या दिवशी निकोला नावाच्या माणसाच्या घरी यायला आमंत्रण लागत नाही, आणि त्या घरात अक्रोड भरलेला अख्खा कार्प मासा नसेल तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. इस्क्राने टेबलावर आणून ठेवलं होतं ते एक पसरट मातीचं भांडं. तळाला लांब पातीचे कांदे, त्यावर बाजारातले सगळ्यात स्वस्त, बोटाएवढे मासे, त्यावर अंगणातल्या झाडाचे कुटलेले अक्रोड, वर लाल मिरचीची पूड आणि तेलाची एक धार. झाकण काढलं तेव्हा वाफेबरोबर असा दरवळ सुटला होता की बोलणारे बोलता बोलता थांबले होते.

"बाजारात मिळाला नाही का?" पराश्केवा थांबायला तयार नव्हत्या. "की माझ्या प्लामेनचे पैसे कार्पपर्यंत पोचतच नाहीत? पोरगा तिकडे स्पेनमध्ये उन्हातान्हात विटा रचतो, दर रविवारी मला फोनवर सांगतो, आई, इस्क्राकडे पाठवलेत. आणि आम्ही खातो काय? आज घेवडा, उद्या मक्याचा घाटा, परवा पुन्हा घेवडा. पैसे जातात कुठे, ते कोणीतरी विचारा की या चोर सुनेला."

 निकोलाबाबांचा एक सोबती घास गिळून पुटपुटला, "मासे मात्र झकास झालेत हो," आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

इस्क्रा हातातलं फडकं घट्ट धरून उभी होती. चोर हा शब्द तिने या घरात पहिल्यांदा ऐकला नव्हता. चर्चच्या पायऱ्यांवर, पावाच्या रांगेत, शिवणाच्या कारखान्यात तिच्याशेजारी बसणाऱ्या बायकांच्या आयांपर्यंत, पराश्केवांनी तो सगळीकडे पोचवला होता. सून नवऱ्याचा पैसा माहेरी लोटते, सून म्हाताऱ्यांना पाल्यावर जगवते... आणि या सगळ्यावर इस्क्रा गप्प होती, कारण एका संध्याकाळी प्लामेनने फोनवर रडत रडत तिच्याकडून वचन घेतलं होतं. तिकडची बांधकामं बंद पडली होती, त्याचं काम गेलं होतं. "बाबांना कळू देऊ नकोस गं. मला पाठवायला त्यांनी द्राक्षाचा मळा विकलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्या काळजाला धक्का सोसायचा नाही. थोडे दिवस निभाव, इस्क्रा." तिने निभावलं. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन हिवाळे उलटले. सासू-सासऱ्यांचं पेन्शन औषधांत आणि सरपणात जायचं. कारखान्याचा पगार महिना उलटून गेल्यावर हातात पडायचा, आणि त्याच तुटपुंज्या पगारात ती सासू-सासरे, छोटी लेक गेर्गाना आणि स्वतः अशी चार पोटं भरत होती. हे प्लामेनला ठाऊक होतं. तरीही तो आईला दर रविवारी सांगत होता, पाठवलेत म्हणून! त्या एका खोट्याने तिचं काळीज आतून जळत होतं, पण निकोलाबाबांच्या जिवापुढे तिने स्वतःची अब्रू लहान मानली होती.

तेवढ्यात किरिलने काटा खाली ठेवला. हा शेजारचा मुलगा, कालच वॅलेन्सियाहून सुट्टीवर आलेला, तिकडे प्लामेनच्या बरोबरच राहणारा.

"काकू, पुरे," तो म्हणाला. "प्लामेनला दोन वर्षांपासून काम नाही. संत्र्यांच्या बागेत कधी मिळालं तर जातो. माझ्या खोलीत झोपतो, खातोही माझ्याच ताटातलं. तो पाठवणार कुठून?"

"खोटं बोलतोस मेल्या."

"मी कशाला खोटं बोलू? गेल्या ईस्टरला आलो होतो तेव्हा निकोलाकाकांना सगळं सांगितलं होतं मी. मला वाटलं, घरात माहीत असेल."

पराश्केवा खुर्ची मागे सारून उठल्या. पण इस्क्राला त्यांच्याकडे बघायचं भान नव्हतं. ती बघत होती निकोलाबाबांकडे, ज्यांच्या काळजाला जपण्यासाठी तिने एवढे शिव्याशाप पदरात घेतले त्या माणसाकडे. ते ताटातल्या माशांच्या काट्यांवर नजर रोखून बसले होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"इस्क्रा... पाहुणे जाऊ देत, मग बोलू."

"मला चोर म्हटलं तेव्हा पाहुणे होते. आताही राहू देत."

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "हिला सहन झालं नसतं गं. हिचा सगळा जीव त्या पोरात. आणि घर तर चाललं होतं. रोज काहीतरी गरम पुढ्यात येत होतं, चवीचं येत होतं. मला वाटलं, तू निभावते आहेस... कशाला उगाच विषय काढा."

इस्क्राच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण आवाज कापला नाही. इतक्या महिन्यांचा साचलेला संताप इतका शांतपणे बाहेर येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या हाताला चव आहे हाच माझा अपराध. घेवडा नुसता पाण्यात उकडून आदळला असता ना तुमच्यासमोर, तर आठवड्याच्या आत विचारलं असतंत, पोरी, घरात झालंय काय? पण मी त्यात वाळलेला पुदिना घातला. पीठ आणि लाल पूड तेलात परतून वरून फोडणी दिली. शिळा पाव गरम पाण्यात मोडून त्यावर खारं चीज कुस्करलं. अंगाला आग लावणारा कोवळा रानपाला वेचताना हात पोळून घेतले आणि त्याचं सूप असं केलं की गेर्गाना अजून मागते. कोणाला हे गरिबीचं जेवण आहे असं वाटू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. आणि तुम्ही सगळे भांडं पुसून खाल्लंत, आणि बाहेर जाऊन सांगितलंत, सून हात आखडते. आई बोलल्या, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, बाबा. तुम्ही पाव बुडवून खात होतात आणि ऐकत होतात."

तिने एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"उद्यापासून हे स्वयंपाकघर तुमचं, आई. मी आणि गेर्गाना वरच्या खोलीत आमचं आमचं बघू."

पाहुणे गुपचूप उठले. जाताना कोणी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

तरीही पराश्केवांचा विश्वास बसेना. रविवारी प्लामेनचा फोन आला तेव्हा इस्क्रा जिन्यात उभी होती.

"हो की नाही, तेवढंच सांग," सासूबाई विचारत होत्या. "पाठवलेस की नाही?" पलीकडचं उत्तर त्यांनी फोन कानाशी दाबून ऐकलं. मग पराश्केवा इतक्या हळू बोलल्या की इस्क्राला कान द्यावा लागला. "तुझ्या शब्दावर मी तुझ्या बायकोला गावभर चोर केलं रे. कामधंदा गेला तर गेला, कोणाचा जात नाही? पण तू मला इतकं हलकं केलंस..." त्यांनी फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या.

इस्क्राला वाटलं, जावं, त्यांना उठवावं. पाय एक पायरी उतरलेसुद्धा. पण पावाच्या रांगेतल्या त्या नजरा आठवल्या आणि ती मागे वळली.

स्वयंपाकघर आता खरोखरच पराश्केवांचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी हट्टाने डुकराचं मटण आणलं, आणि आठवडा सरायच्या आत बटाटेसुद्धा मोजून चिरायची पाळी आली. बाजारात कोबीच्या गड्ड्याचा भाव ऐकून त्या दोनदा पुढे जाऊन परत आल्या, हे कोणीतरी इस्क्राला सांगितलं. घाटा करपला. निकोलाबाबा करपलेलाही न बोलता खात होते. एका दुपारी गेर्गाना खाली खेळायला गेली आणि तिने विचारलं, "आजी, आईसारखा घेवडा तू का नाही करत?" तेव्हा पराश्केवांनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

पुढच्या शुक्रवारी बर्फ पडत होता. कारखान्याची जेवणाची घंटा झाली, बायका बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली डबे उघडून बसल्या, आणि फाटकातून पराश्केवा आत आल्या. डोक्याला रुमाल, छातीशी शालीत गुंडाळलेलं भांडं. मागे चार पावलांवर निकोलाबाबा, टोपी हातात घेऊन, उघड्या डोक्यावर बर्फ झेलत.

बायकांनी डबे खाली ठेवले. त्यातल्या कित्येकींना त्या सगळ्या गोष्टी पराश्केवांच्याच तोंडून कळलेल्या होत्या.

"तुम्ही सगळ्या आहात ते बरंच आहे," पराश्केवा म्हणाल्या. "मी तुमच्या घरोघरी सांगितलं, माझी सून चोर आहे. माझ्या पोराने एक दमडी पाठवलेली नाही. हिच्या पगारावर आम्ही जगलो, हिच्या हातचं खाल्लं आणि हिलाच नावं ठेवली. मी खोटं बोलले. घरी जाऊन तुमच्या आयांना सांगा."

"आणि मला माहीत होतं," मागून निकोलाबाबा म्हणाले. "मी गप्प बसलो. हिच्यापेक्षा माझं पाप मोठं आहे."

इस्क्रा उठली नाही. इतके दिवस ज्या क्षणाची तिने मनोमन वाट पाहिली होती तो समोर उभा होता, आणि त्याने तिला आनंद होत नव्हता. बर्फात उभी असलेली दोन थकलेली माणसं फक्त दिसत होती.

पराश्केवांनी भांडं तिच्या मांडीशी ठेवलं. "घेवडा केलाय. जमला नाहीये."

इस्क्राने चमच्याने चव घेतली. "कच्चा आहे."

"माहीत आहे."

"पुदिना उकळीबरोबर घातलात, कडू झालाय. तो शेवटी घालायचा असतो."

"सांगशील तसं करीन." त्यांनी डोक्यावरचा रुमाल मागे सारला. "प्लामेनला म्हटलं, तिकीट काढ आणि ये. इथे सरपण फोड, पण ये. येतोय तो, इस्क्रा."

"येऊ दे. पण मी त्याला वाढणार नाही. आधी त्याने इथे यावं, याच फाटकापाशी, आणि तुम्ही आता बोललात ते स्वतःच्या तोंडाने बोलावं."

"मी आणीन त्याला हाताला धरून."

इस्क्राने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारीचे हात गारठून लाल झाले होते, बोटावर चटक्याचा ताजा फोड होता. ती बाकावर थोडी सरकली.

"बसा, आई. बाबा, टोपी घाला आणि तुम्हीही या." तिने चमचा फडक्याने पुसला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

पराश्केवांनी मान हलवली, नाही खाल्लं म्हणून. मग त्या भांड्यावर वाकल्या आणि स्वतः शिजवलेला तो कच्चा घेवडा सगळ्यांसमोर खाऊ लागल्या... डोळ्यांतलं पाणी न पुसता.