कोरड्या पिनेची जबाबदारी

कुंभार्ली घाट उतरून गाडी गॅरेजसमोर थांबली की रोहिणी शिगवण आधी चाकांजवळ हाताची मागची बाजू नेत असे. शेलारांच्या गाडीच्या उजव्या चाकाची धग नेहमीचीच होती. डाव्या चाकाजवळून मात्र तिने हात झटकन मागे घेतला.

"काका, ब्रेक चिकटतोय."

"पण गाडी तर सगळं ठीक दाखवतेय," भानुदास शेलार म्हणाले. मागच्या सीटवर त्यांची बायको विमल डोळे मिटून बसली होती. आठवड्यातून तीनदा ते तिला कोयनानगरहून चिपळूणला डायलिसिससाठी नेत. आजची वेळ दहाची होती.

हे ब्रेक स्वतःच वंगण घालून घेतात, अशी जाहिरात होती. कॅलिपर, म्हणजे ब्रेकपॅड दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो, त्यांच्यात वंगणाची कुपी बसवलेली असे. कंपनीचा संदेश आला की कुपी थेंब सोडायची आणि पडद्यावर हिरवी खूण उमटायची. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की संदेश पोहोचला. थेंब पडला की नाही, हे बघायची तसदी कोणी घेतली नव्हती.

रोहिणीने चाक काढलं. कुपी केव्हाच संपलेली, पीन गंजून घट्ट बसलेली. तिने पीन घासून साफ केली आणि पॅडला, डिस्कला थेंबही लागू न देता सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. कॅलिपर बोटाने सरकू लागला. एवढ्याशा कामावाचून दोन जीव दर फेरीला घाटात टांगलेले होते, याचा तिला भयंकर संताप आला.

तिने चाक परत बसवलं. गाडी मात्र सुरू होईना.

"कॅलिपर अनधिकृतपणे उघडल्याचे आढळले," पडद्यावरून आवाज आला. "ब्रेक असुरक्षित. दुरुस्ती करणाऱ्याने यापुढील अपघातांची जबाबदारी स्वीकारल्यास गाडी सुरू होईल."

"गंजलेली पीन घेऊन घाट उतरलात, तेव्हा सुरक्षित होतं होय?" रोहिणी पडद्यावर कडाडली.

"तू कशाला अडकतेस, पोरी? मी दुसरी गाडी बघतो," शेलार म्हणाले.

"ती मिळेपर्यंत काकूंची वेळ जाईल."

तिने पडद्यावर अंगठा दाबला. गाडी मुकाट चिपळूणच्या रस्त्याला लागली.

लगेच तिच्या फोनवर कंपनीचा संदेश आला: 'आभार. या ब्रेकची जबाबदारी आता आपली आहे.'

रोहिणीने उत्तर लिहिलं, 'आज सकाळी घाट उतरेपर्यंत ती कोणाची होती?'