पाच मिनिटांत पोचतो

बसा. शटर अर्धं खाली ओढा, गार वारा येतोय. मोठी गाडी आज दहाशिवाय येत नाही, तोवर कुणी कुठे हलायचं नाही. आणि चष्मिश, तू असा समोर ये. तुझ्या बॅगेत ते खाकी पार्सल अजून आहे ना? माझ्या कॉम्प्युटरवर तर ते सात वाजून दहा मिनिटांनी पोचलंय. वा रे पठ्ठ्या! पार्सल बॅगेत आणि पोचलं पण!

"मामा, ओटीपी फोनवर घेतला. उद्या सकाळी पहिलं तेच देणार. शप्पथ."

शप्पथ म्हणे. शपथा नकोत मला. माझ्या भाच्याने पण हेच शब्द वापरले होते. सकाळी पहिलं तेच.

आवाज चढलाय माझा? चढू दे. आज गप्प बसणार नाही मी.

भाचा म्हणजे सख्खा, माझ्या धाकट्या बहिणीचा. त्याच्यामुळेच या गोडाऊनमध्ये सगळे मला मामा म्हणायला लागले. दोन वर्षांपूर्वी हायवेचा रूट त्याच्याकडे होता. आता हायवेचा रूट म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण तुम्हा पोरांना तो अजून कळलेला नाही. शहरातलं गिऱ्हाईक एका जागी असतं. आज नाही दिलं तर उद्या देता येतं, फार तर ते शिव्या घालेल. हायवेवर राहणाऱ्यांचं घरच चाकांवर. ट्रकवाले, क्रेनवाले, बोअर मारणारे. वर्षाचे अकरा महिने गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक. ही माणसं काय करतात, आपण चार दिवसांनी कुठे असू त्याचा अंदाज बांधतात आणि तिथल्या पंक्चरवाल्याचा पत्ता टाकतात. एक रात्र गाडी तिथे थांबते. तेवढ्यात पार्सल आलं तर आलं, नाहीतर गाडी पुढे आणि पार्सल मागे. अशा माणसाला 'उद्या देतो' म्हणायचं म्हणजे 'देत नाही' म्हणायचं.

तर जानेवारीची नऊ तारीख, मंगळवार. भाच्याकडे शेवटचं एक पार्सल राहिलेलं. पत्ता होता, 'किलोमीटर एकशे सत्तेचाळीसचा दगड, पंक्चरचं दुकान, निळी गाडी.' इथून बावीस किलोमीटर. त्या ट्रकमध्ये नवरा-बायको राहायचे. तो चालवायचा, ती कागद सांभाळायची, रात्री त्याला झोप लागू नये म्हणून बडबड करायची. बाईला दमा. वाफ घ्यायचं मशीन असतं ना, तोंडावर मास्क लावायचा, ते. त्यांचं जुनं मशीन गाडीच्या बॅटरीवर जळून गेलं होतं. नवीन मागवलेलं, ते भाच्याच्या बॅगेत.

थंडी मरणाची. साडेसात वाजलेले. आणि आता खरं सांगतो, लपवून काय करू? त्या संध्याकाळी मीच सगळ्यांच्या डोक्यावर बसलो होतो. शंभर टक्के पार्सलं पोचल्याशिवाय घरी जायचं नाही, म्हणून याच टेबलावर हात आपटून ओरडलो होतो. ते तोंड माझंच.

भाच्याने फोन लावला. बाईने उचलला.

"दादा, येताय ना?" म्हणाली. प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

हा म्हणाला, "ताई, दगडापाशीच आहे. ओटीपी सांगा, पाच मिनिटांत पोचतो."

तिने सांगितला. चार... सात... शून्य... दोन. एकेका आकड्यानंतर श्वास घेत. याने एंट्री मारली, पोचलं म्हणून. मला येऊन म्हणाला, "मामा, शंभर टक्के!" मी त्याची पाठ थोपटली. पाठ थोपटली रे मी! घरी गेला, फोन सायलेंटवर टाकला, जेवला, झोपला.

तिकडे ते दोघं थांबले. दवाखाना पस्तीस किलोमीटर मागे. निघाले असते तर साडेआठपर्यंत पोचले असते. पण निघतील कशाला? मशीन पाच मिनिटांवर आलंय ना! नवरा रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला हात करत होता. पंक्चरवाल्याने सांगितलं हे. भाच्याच्या फोनवर चौदा मिसकॉल होते. दहा वाजता शेवटी नवऱ्याने गाडी काढली. दवाखान्याच्या दारापर्यंत ती राहिली नाही.

सकाळी आठला आमचे चिरंजीव पार्सल घेऊन हजर. पहिलं तेच. पंक्चरवाल्याने सगळं सांगितलं आणि तोंडावर थुंकायचा तेवढा राहिला.

आता ते पार्सल करायचं काय? परत पाठवायचं तर कॉम्प्युटर म्हणतो, पोचलेलं आहे. पोचलेलं परत कसं येईल? याने मला अवाक्षर सांगितलं नाही. त्या मागच्या रॅकवर, सगळ्यात वरच्या फळीला, रिकाम्या खोक्यांच्या आड ढकलून दिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला. हसणं मात्र गेलं. मला वाटलं, थंडी बाधली.

एकतीस जानेवारी, बुधवार. पुन्हा तोच पत्ता. या वेळी पंक्चरवाल्याचं स्वतःचं सामान, ट्यूबला लावायचे पॅच. भाचा म्हणाला, मी जातो. तेव्हापासून तो एकही पार्सल दुसऱ्या दिवसावर ठेवत नव्हता. सव्वाआठला इथून निघाला, नऊला पाच कमी असताना तिथे पोचला. दुकान बंद. पंक्चरवाला जेवायला गेला असेल, खिडकीतून आत टाकावं म्हणून याने गाडी स्टँडवर लावली. वळला.

दुकानाच्या बाजूला निळी गाडी उभी.

दिवे बंद. इंजिन बंद. याला वाटलं, नवरा परत आलाय. तरी पोरगं पुढे गेलं. माफी मागायची होती त्याला. काय मारायचं ते मारा म्हणणार होता. दारावर टकटक केलं.

आत काही नाही.

पुन्हा टकटक केलं.

वरून, केबिनमधून, आवाज आला. बाईचा.

"दादा... आलात?"

याने मान वर केली.

"पाच मिनिटं... झाली?"

केबिनची काच खाली होत होती. हळूहळू. आत काळोख. चेहरा नाही. फक्त श्वास. आत ओढताना शिट्टीसारखा. मग थांबायचा. बराच वेळ थांबायचा.

याने काय करावं? हातातलं पार्सल वर धरलं.

"हे नाही..."

श्वास.

"ते."

हा मागे सरकला. एक पाऊल. दोन.

"ओटीपी... हवा ना?"

"नको ताई," हा म्हणाला. "नको, नको..."

"चार..."

श्वास.

"सात..."

...

"शून्य..."

...

शेवटचा आकडा आलाच नाही. हा उभा. वाट बघत. तो आकडा येईना आणि याला हलताही येईना. असा किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाच माहीत नाही. मागून एक टँकर हॉर्न देत गेला, तेव्हा कुठे याचे पाय सुटले.

मी इथे कुलूप लावत होतो. आला तो तसाच खाली बसला आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं ओकला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. हो, वाजवली! मग त्याला मागे बसवलं आणि त्याच पावली तिथे गेलो. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, त्या नवऱ्याला भेटायचं होतं मला. दगड होता. दुकान होतं. याने टाकलेलं पॅचचं पार्सल मातीत पडलेलं. गाडी नव्हती. मातीत आमच्या मोटारसायकलीशिवाय एका चाकाची खूण नव्हती.

परत आलो. शिडी लावून तो खोका मी खाली काढला. वर बोटभर धूळ. चिकटपट्टी जशीच्या तशी, कुणी हात लावलेला नाही. कटर घेतला आणि उघडला. मशीन कोरं, मास्क सीलबंद पिशवीत. आणि पिशवीच्या आत... मास्कच्या आतल्या बाजूला... वाफ धरलेली. थेंब. आत्ता कुणीतरी तोंडावरून काढून ठेवावा, असा.

भाच्याने ते बघितलं आणि नोकरी सोडली. बहीण अजून माझ्याशी बोलत नाही. चूक आहे का तिची? अजिबात नाही.

का रे, खाली काय बघतोस? दाखव ते पार्सल. क्रेनवाला, किलोमीटर एकशे नव्वद. आत काय आहे? माहीत नाही म्हणतोस? भाच्यालाही आधी कुठे माहीत होतं! तो माणूस आत्ता रस्त्यावर उभा आहे, येईल त्या मोटारसायकलला हात करतोय, आणि तू इथे गोष्ट ऐकतोयस. लाव फोन. माझ्यासमोर लाव. आणि पाच मिनिटं म्हणालास तर याद राख.

"काका, पार्सल माझ्याकडेच आहे. चुकलं माझं. निघतोय. दीड तास लागेल."

हां. असं सांगायचं. त्याला थांबायचं की निघायचं, ते त्याचं त्याला ठरवू दे. चल, ऊठ, जाड जॅकेट घाल. माझं घे.

थांब जरा. जायच्या आधी त्या टेबलाखालचा खोका ओढ. हो, तोच. फेकवत नाही मला आणि परत तर जात नाही. काढ तो मास्क बाहेर. घाबरतोस कशाला, संध्याकाळी कामावर आल्या आल्या मी फडक्याने पुसून ठेवला होता, सातच्या सुमारास. चांगला कोरडा ठणठणीत होता.

आता आतून बोट फिरव.