शंभराव्या नागरिकाचे दात

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बंदरावरच्या नोंदणी कचेरीत शेवंती हिराजी दंतवाचक यंत्र सुरू करण्याआधी रोज त्याला हात लावून नमस्कार करी. जगातून पासपोर्ट जाऊन त्यांच्या जागी ही यंत्रं आली, त्याला सहा वर्षं झाली होती. लहानपणी जे पाणी पोटात जातं, त्यातल्या खनिजांची खूण दाताच्या वरच्या थरात जन्मभर राहते. यंत्र ती वाचून माणसाचा देश सांगे.

आज समोर सेलेस्तँ आजोबा होते, शेजारी त्यांची गरोदर मुलगी मारीन. त्यांचं कोराली बेट दोन वर्षांपूर्वी समुद्राखाली गेलं होतं. जमीन बुडाली तरी शंभर नागरिक नोंदलेले असले, की द्वीपसंघात देशाची खुर्ची कायम राहते, असा नियम होता. मारीनला धरून नव्याण्णव झाले होते. मुदत संध्याकाळपर्यंतच होती.

"दोनच दात उरलेत, पोरी. जपून," आजोबा आ करत म्हणाले.

"चावू नका म्हणजे झालं," शेवंती हसली.

यंत्राने निकाल दिला : मॉरिशस.

मारीन उभीच राहिली. "असं कसं? बाबांनी आठ वर्षांचे होईपर्यंत बेट सोडलं नव्हतं!"

"तेव्हा दुष्काळ होता ना," आजोबा हळूच म्हणाले. "पाणी तुमच्याच जहाजाने यायचं."

"मग मॉरिशसच घ्या, आजोबा. घर मिळेल, औषधपाणी होईल."

"आणि आमची खुर्ची?"

शेवंतीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिने विचारलं, "पाणी जहाजातून थेट घरी न्यायचात?"

"छे! पाहुणा कधी उंबऱ्यावरून परत पाठवतात का? पाणी आधी कोरड्या विहिरीत ओतायचं. रात्रभर तिथे मुक्काम, सकाळी उपसायचं. आई म्हणायची, आता ते आपलं झालं."

प्रवाळ बेटावरची विहीर, म्हणजे चुन्याची! रात्रभरात थोडा चुना पाण्यात उतरलाच असणार. पण यंत्र एक-दशांशाहून कमी असलेली खूण भेसळ समजून गाळून टाकी. ती गाळणी बंद करायची मुभा शेवंतीला होती. आजवर तिने ती वापरलीच नव्हती.

दुसऱ्या वाचनात पडद्यावर दोन नावं आली. मॉरिशसखाली, अगदी बारीक, कोराली.

"दोन्ही निघाले तर निवड तुमची," ती म्हणाली. "पण कोराली घेतलंत तर इथे पाहुणे म्हणूनच राहावं लागेल. दरवर्षी परवाना."

"राहू की. पाहुणचार आम्हाला नवा नाही."

आजोबांनी अंगठा टेकवला. शंभर! मारीनने त्यांच्या टकलावर ओठ टेकवले, तसे ते लाजून "पुरे, पुरे" म्हणू लागले.

जाता जाता मारीन दारातच थांबली. तिचा हात पोटावर होता. "ताई, हे बाळ तर इथलंच पाणी पिणार. ते कुणाचं?"

शेवंतीने नियमपुस्तक चाळलं. त्यावर एक ओळही नव्हती. तिने ते मिटून ठेवलं.

"दातांऐवजी, मोठं झाल्यावर आपण त्यालाच विचारलं तर?"