बिनवासाचा साबण

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ टक्कर. मी साबणाच्या बाटल्यांचं खोकं घेऊन वळले, तो कप नाकाशी धरून दारातून बाहेर आला, आणि सगळा चहा माझ्या बाहीवर! माफी मागायची सोडून तो वाकून खोक्याचा वास घेऊ लागला.

"लिंबू," तो म्हणाला. "म्हणजे हा उद्योग तुमचा!"

चहाच्या त्या कंपनीत मला लागून जेमतेम महिना झाला होता. सामानाची खरेदी माझ्याकडे. तो चहाची चव तपासणारा. त्याने मान डोलावल्याशिवाय एक पोतं बाहेर जात नसे. सगळे त्याला पाठीमागे 'नाक' म्हणत. जुन्या साबणाने भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातांची सालं निघत होती, म्हणून मालकीणबाईंनी मला स्वस्तातला, नैसर्गिक साबण शोधायला सांगितला. मी लिंबाचा आणला. मावशींचे हात सुधारले... आणि प्रत्येक चहाला लिंबाची चव येऊ लागली.

"शनिवारपर्यंत दुसरा आण," बाई म्हणाल्या. "हात जपणारा, खिशाला परवडणारा, आणि वास न राहणारा. नाहीतर तू दुसरी नोकरी बघ."

मी बाहेर आले ती डोळे पुसतच. तो दारातच उभा होता.

"दोघं मिळून शोधू. नाक माझं, डोकं तुमचं."

"आणि कप कोण विसळणार?"

"तेही मीच. डोक्याला कशाला भिजवायचं?"

मग रोज दुपारी आम्ही मोरीपाशी. तो बाह्या दुमडून कप धुवायचा, त्यात गरम पाणी ओतायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. साधं पाणी इतकं मन लावून हुंगणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी साबण सोडून त्यालाच न्याहाळत बसायचे. आवडायला लागला होता मला, खोटं कशाला बोलू?

"गुलाब," तो नाक मुरडायचा. "आणि हा पुदिना. नैसर्गिक म्हणे! अख्खं रान ओतलंय."

"नाकावर माशीसुद्धा बसू देत नाही तुम्ही."

"माशी कशाला? तुम्ही बसा ना... म्हणजे – स्टुलावर." आणि त्याचे कान लालबुंद.

पुढे पुढे त्याला एकेका कपाला फार वेळ लागू लागला. मला वाटलं, दमला असेल.

शुक्रवारी किमती ताडून बघताना माझ्या लक्षात आलं, की महाग पडतोय तो वासच! मी लगेच साबण बनवणाऱ्या बाईंना फोन लावला. सुगंध घालायच्या आधीचाच साबण द्याल का?

"खोबरेलाचा, नुसता?" त्या हसल्या. "कुणी मागतच नाही गं. अर्ध्या किमतीत ने."

शनिवारी मालकीणबाईंनी स्वतः तीन साबणांनी तीन कप धुतले. मी त्याच्या शेजारी श्वास रोखून उभी.

"हा स्वच्छ," तो म्हणाला. "हाही... हाही."

"मधला लिंबाचा होता," बाई म्हणाल्या.

त्याचं नाकच चुकलं, तर माझा साबण पास कोण करणार? तो पांढराफटक पडला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू जरा बाहेर थांब गं."

दाराच्या काचेतून मी बघत होते. बाईंनी कपांच्या जागा बदलल्या. लिंबाचा कप त्याने उचलताक्षणी दूर सारला, पुदिन्याचाही. माझ्या साबणाचा कप हुंगला, पुन्हा हुंगला, आणि त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं! काय ऐटीत प्यायला! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

बाईंनी दार उघडलं. "साबण पास, नोकरी पक्की. आता याच्या नाकाचं काय ते तू बघ."

तो बाहेर आला, जमिनीकडे बघत.

"आधी जमायचं हो... आता तुम्ही शेजारी असलात की मला दुसरं काही कळतच नाही. काल एक भिकार चहा 'उत्तम' म्हणून पाठवत होतो."

"मग मी लांबच राहते."

"कामाच्या वेळी राहा, नाहीतर कंपनी बुडेल. पण त्यानंतर..." त्याने मान वर केली. "त्यानंतर कायमची माझ्याजवळ राहशील?"

मी हो म्हटलं. इतक्या मोठ्याने, की दाराआडून बाईंचं हसू ऐकू आलं.