कृष्णकांतचा ताळा

गप्प बसा रे, आणि ती खिडकी लावून घ्या. हसायचं ते नंतर हसा. अवधूत माझा सख्खा शेजारी होता, म्हणून सांगतो.

सत्त्याण्णव साल. गटारी अमावस्या, रात्रीचे पावणेअकरा. अवधूत बायकोला म्हणाला, "सुमती, डबा ऑफिसात राहिलाय, घेऊन येतो." अख्खं पनवेल कोंबडी-मटणात दंग होतं. याच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता.

कारण कृष्णकांत. दोघं एकाच ऑफिसात, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या, ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहायचे. महिन्यापूर्वी कृष्णकांत कोन गावाजवळ अपघातात गेला. तरी मालकाचं आपलं चालूच, "काट्याच्या स्क्रीनवर नाव कृष्णकांतचंच झळकणार. बहुतेक काम त्याचं आहे." अवधूतच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मेल्यावरही हाच पुढे! मग जिवंत माणसाने करायचं तरी काय?

आता नीट ऐका. सगळ्यांचं काम एकाच सामायिक मशीनवर असायचं. कुठली ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, सगळा इतिहास नावानिशी तिथे जमा. त्यात कृष्णकांत महासंशयी. त्याने त्या इतिहासाचा ताळा, म्हणजे सगळ्या अक्षरांवरून काढलेला एक आकडा, बांधून ठेवला होता. मागचं एक अक्षर जरी कोणी फिरवलं, तरी ताळा चुकायचा आणि मशीन कोकलायला लागायचं.

त्या रात्री रिकाम्या ऑफिसात अवधूतने आधी नावं फिरवली. कृष्णकांत पुसला, अवधूत लिहिला. मग नवा ताळा काढून जुन्याच्या जागी बसवला. मशीन चूप. कृष्णकांतच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तो म्हणाला, "आता बोल की!"

टीं...

कोपऱ्यात कृष्णकांतचा कॉम्प्युटर होता. तेराव्यापासून बंद. वायर गुंडाळून वर ठेवलेली.

टीं... टीं...

पडदा उजळला. त्यावर जुना ताळा. खरा. खाली एक नवी नोंद. तारीख आजची. वेळ आत्ताची. नाव... कृष्णकांत. पुढे दोनच शब्द.

"काटा मारलास."

वजनात फसवणाऱ्या भाजीवाल्याला कृष्णकांत अगदी हेच म्हणायचा. अवधूत डबा तिथेच टाकून पळाला.

सकाळी बघतो तर कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद, वायर तशीच गुंडाळलेली. सामायिक मशीनवर सगळीकडे अवधूतचं नाव. मालकाने पाठ थोपटली, पेढे वाटले. भास झाला असेल, असं म्हणून यानेही पेढा खाल्ला.

मग कळंबोलीत पहिला काटा सुरू करायचा दिवस आला. मालक म्हणाला, "अवधूत, ट्रक नंतर. आधी तुम्हीच चढा." अवधूत एकटा काट्यावर उभा राहिला. स्क्रीनवर त्याचं नाव आलं. टाळ्या पडल्या. मग खाली वजन उमटलं... आणि टाळ्या थांबल्या.

काटा चालवणारा काळूराम आत केबिनमध्ये होता. त्याला फक्त स्क्रीन दिसत होता. तो आतूनच ओरडला, "सायेब, दुसऱ्यांना खाली उतरवा ना. वजन दोघांचं येतंय."

अवधूतने मागे वळून पाहिलं...

कोणी नव्हतं. काटा तीनदा तपासला. बिनचूक होता.