व्यस्त वाचक

किळसमापकाचा आलेख पहिल्या पानापासूनच चढू लागला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना भावपट्ट्या, पोटावर जठराची लय टिपणारी चकती, अशा थाटात मंदाकिनी खानझोडे नागपूरच्या एका प्रकाशनसंस्थेच्या वाचन-प्रयोगशाळेत बसली होती. तिच्या हातातल्या कादंबरीत पाठीवर जन्मखूण असलेला आणखी एक राजपुत्र पंखवाल्या अजगरावर स्वार होत होता. नायिकेला त्याने कोठडीत डांबले होते आणि ती तिथेच त्याच्या प्रेमात पडली होती. मंदाकिनीला मळमळले.

त्या महिन्यात तिने असे बरेच काही गिळले होते. एका कादंबरीत रक्त पिऊन चारशे वर्षे तग धरलेला जमीनदार कॉलेजातल्या मुलीच्या खिडकीखाली कविता म्हणत होता. दुसरीत अंतराळयुद्धातली प्रेते पंगतीतले पदार्थ मोजावेत तशी चवीने वर्णन केली होती. कालच्याच तेलात आज पुन्हा तळलेली भजी! लहानपणापासून अद्भुतकथांवर तिचा जीव होता, म्हणूनच ही घाण तिला सोसत नसे. आपल्या किळसेमुळे प्रकाशनसंस्था असली पुस्तके अडवते, एवढेच तिचे समाधान होते.

मग एक दिवस सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात तिला मुखपृष्ठावर तोच अजगर दिसला. दर्शनी भागात थप्पी लागली होती आणि माणसे ती हातोहात उचलत होती.

तिने प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वैरागडे यांना गाठले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मंदाताई, गणितात व्यस्त प्रमाण असतं ना? तशा तुम्ही आमच्या व्यस्त वाचक. तुम्हाला जितकी किळस, तितका पुस्तकाचा खप. आजवर एकदाही चुकलेलं नाही."

"आणि मला आवडलेलं पुस्तक?"

"ते आम्ही छापत नाही."

म्हणजे ती बांध नव्हती, वाट दाखवणारी होती. ती त्याच दिवशी नोकरी सोडणार होती, पण टेबलावर पुढचे हस्तलिखित आले: 'लंगडी सावली'. भामरागडच्या कोणा अनोळखी शिक्षिकेची ती पहिली कादंबरी होती. त्यातल्या गावात मेलेल्यांच्या सावल्या वारसांना मिळत. सतत धावणाऱ्या एका मुलीच्या वाट्याला लंगड्या आजोबांची सावली आली होती, आणि त्या सावलीला दमू न देता चालायला ती पोर शिकत होती. मंदाकिनीने शेवटचे पान उलटले तेव्हा आलेख सपाट होता आणि तिचे डोळे भरले होते. वैरागडेंनी हस्तलिखित नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवले.

ती कादंबरी छापली जावी म्हणून खोटी किळस दाखवून भागणार नव्हते. तोंड खोटे बोलते. नाकाशेजारचा तो चिमुकला स्नायू आणि जठर बोलत नाहीत. किळस खरीच यायला हवी होती. तिला वैरागडेंनीच जेवताना सांगितलेला अरुचि-संस्कार आठवला. एकदा फणस खाल्ल्यावर ते उलट्यांनी बेजार झाले. दोष प्यायलेल्या पाण्याचा होता, तरी तेव्हापासून त्यांना फणसाचा वाससुद्धा चालत नसे. "शरीर चौकशी करत नाही," ते म्हणाले होते, "समोर सापडेल त्याला फासावर चढवतं."

मंदाकिनीने पहिल्या चाचणीच्या दिवशी आपल्याला ताप होता असे सांगून फेरचाचणी मागितली आणि रजा घेऊन हस्तलिखित घरी नेले. रोज दुपारी ती ओकारी आणणारे गेळफळाचे चूर्ण घेई आणि 'लंगडी सावली' उघडून बसे. ओकारी येई, चूळ भरून ती पुन्हा वाचायला बसे. धाकटी बहीण उर्मिला डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली; तिला तिने पित्ताचे कारण सांगितले. काही दिवसांनी चूर्णाची गरज उरली नाही. त्या मुलीचे नाव दिसले तरी घशाशी येऊ लागले. आपण काय गमावतो आहोत हे तिला कळत होते, पण पुस्तक जगणार होते.

फेरचाचणीत आलेखाने कागदाची कड गाठली. वैरागडे हरखले. प्रचंड आवृत्ती निघाली, गावोगावी फलक लागले.

आणि पुस्तक पडून राहिले. दुकानांनी गठ्ठे परत पाठवले. वैरागडेंनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले, मग तिला बोलावले. आवाजात राग नव्हता.

"तुमची किळस खरी होती, मंदाताई. पण माझ्या फणसाचंच झालं: ती पुस्तकाची नव्हती, जे काही घेतलंत त्याची होती. पुस्तकाबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते पहिल्याच दिवशी नोंदलं गेलं होतं. लोकांनी त्याचंच व्यस्त उत्तर दिलं."

ती नोकरी तिथेच संपली.

महिन्याभराने उर्मिलाने कुठल्याशा सवलतीच्या विक्रीतून ते पुस्तक आणले. दोन दिवस वाचून तिने कंटाळून मिटले आणि मंदाकिनीच्या मांडीवर ठेवले.

"मला नाही झेपलं बाई. पण तू वाच, ताई. तुझ्याचसाठी लिहिल्यासारखं आहे."

मुखपृष्ठावर नजर जाताच मंदाकिनी तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे धावली.