व्यवहार होईपर्यंत

व्यवहार झाला की भाऊजींना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं समजेल.

फ्लॅटचं कर्ज फिटणार होतं. माझ्या ताईची पाळ्यांची नोकरी सुटणार होती. हॉस्टेलात तिघींबरोबर दाटीवाटीने राहणाऱ्या भाचीला एकटीची खोली मिळणार होती. आणि भाऊजींना स्वतःला?

झोप.

आता तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी जुन्या सामानाचा धंदा करतो. खोटं बोलायचंच झालं तर मी कपाटाच्या लाकडाबद्दल बोलतो, आणि तेही समोर गिऱ्हाईक असेल तर. ही गोष्ट सांगून मला कोणी काही देणार नाही. उलट या गोष्टीपायी माझा एक माल कायमचा पडून आहे. कुठला, ते शेवटी येईल.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. थंडीतली सकाळ होती. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून चांगलं लख्ख ऊन आलेलं, खाली शाळेच्या बसचा हॉर्न.

घाबरायला अगदी गैरसोयीची वेळ.

भाऊजींची कंपनी घरात चालवायच्या सायकली बनवायची. सायकल जागेवर उभी, पुढे मोठा पडदा. पडद्यावर एक ट्रेनर बाई. ती लांबच्या कुठल्यातरी स्टुडिओत एकटीच पायडल मारत "चला, चढ आला, सोडायचं नाही" म्हणायची. बाजूला त्या वेळी सायकल मारणाऱ्या सगळ्यांची यादी. कोण पुढे, कोण मागे.

एके काळी लोक या सायकलीसाठी नंबर लावून बसायचे. मग लोक पुन्हा घराबाहेर पडायला लागले आणि सायकलींवर टॉवेल वाळायला लागले. मला कळायचं ना. सगळ्या माझ्याच गोदामात यायच्या.

"शेठ, आमच्या कंपनीची तब्येत बघायची तर तुमच्या गोदामात यावं," भाऊजी म्हणायचे. मला ते शेठ म्हणायचे. पूर्ण पदवी भंगारशेठ.

कंपनीकडे पगारवाढ द्यायला पैसे नव्हते, म्हणून ती शेअर द्यायची. भाऊजी घ्यायचे.

"कागद घेताय भाऊजी."

"तुमच्या रद्दीचेही पैसे होतातच की, शेठ."

मग बातमी आली. एक अवाढव्य कंपनी, जिचा फोन निम्म्या जगाच्या खिशात असतो तसली, भाऊजींची कंपनी विकत घेणार म्हणे. हे 'म्हणे' फार दिवस चाललं. आज घेणार, उद्या नाही घेणार, परवा पुन्हा बोलणी सुरू. त्या एका 'म्हणे'वर भाऊजींचा चेहरा खालीवर व्हायचा.

त्यांच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ते लोक कारखाना बघणार नाहीत. रोज किती चाकं फिरतात, तेवढंच बघणार आहेत. व्यवहार होईपर्यंत आपल्या माणसांपैकी एकाचंही चाक थांबता कामा नये."

बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. कोणी पोरांना सायकलवर बसवलं, कोणी एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने फोन बघितला. पण भाऊजी म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारा माणूस.

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं.

रोज सकाळी मागच्या खोलीत, घरच्या सायकलपाशी जायचे. दार लावून घ्यायचे. सायकलचे खास बूट असतात, तळाला पट्टी असलेले. ते पायडलमध्ये अडकतात तेव्हा आवाज होतो. खट्... खट्. मग चाकाची घरघर. यादीत त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं 'सावकाश'. रोज शेवटून दुसरे-तिसरे. पण रोज.

आणि एका दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या ते गेले. हृदय बंद पडलं. चावी हातातच होती.

साहेब घरी आले, म्हणाले, "वहिनी, शेअर आता तुमच्या नावावर. व्यवहार झाला की सगळं मार्गी लागेल."

झाला की.

काही आठवड्यांनी ताईचा फोन आला.

"अरे, ती सायकल घेऊन जा."

"येतो. किती अपेक्षा आहे तुझी?"

"बहिणीशीही भाव करतोस? फुकट ने. पण लवकर ने."

बूट मी आधीच नेले होते, विकलेही होते. सायकल टेम्पोत घालायची म्हणून संध्याकाळीच पोहोचलो. तिची सीट पार खाली दाबून घट्ट पिळली, पडद्याची वायर काढून गुंडाळली. टेम्पोवाला म्हणाला, आता सकाळीच येतो. मी तिथेच मुक्काम केला.

सकाळी जाग आली ती आवाजाने.

खट्...

खट्.

मग घरघर.

मला वाटलं, शेजारी. मोठ्या इमारतींत भिंती पातळ असतात. उठून बाहेर आलो. ताई मागच्या खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती. हातात चहाचा कप. शेजारच्या स्टुलावर दुसरा कप, बशीने झाकलेला.

मला वाटलं, माझाच.

हात पुढे केला तर म्हणाली, "तुझा ओट्यावर आहे."

आवाज दाराच्या आतूनच येत होता.

मी दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. ऊन होतं. सायकल होती. आणि चाक... ते फिरत होतं. कोणीतरी नुकतंच उतरावं तसं, हळूहळू मंद होत होतं. मी बघत असतानाच ते थांबलं.

सीट वर होती. भाऊजी उंच होते. त्यांच्या मापावर.

वायर मी ठेवली तिथेच, गुंडाळलेली.

फोन काढला. कंपनीचं ॲप माझ्याकडे होतं, आलेल्या सायकली चालू आहेत की मेल्या हे बघायला. त्या सकाळच्या वर्गाची यादी उघडली. वरून खाली आलो.

शेवटून तिसरं नाव, सावकाश.

ट्रेनर बाई घाम पुसत कॅमेऱ्यात बघून म्हणत होती, "शाबास सावकाश, आज लवकर उतरलात?"

मी फोन खिशात टाकला. टेम्पोवाल्याला काहीतरी कारण सांगून परत पाठवलं.

"कधीपासून?" मी ताईला विचारलं.

"चहा घे आधी. गार होतोय."

"ताई, कधीपासून?"

"ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

दुसऱ्या दिवशी मी अंगात नसलेली हुशारी केली. खोलीतच बसलो, सायकलसमोर, दार आतून लावून. धंद्यातला नियम आहे माझा, माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

वेळ झाली. बस आली, हॉर्न वाजला, बस गेली.

खट् नाही. घरघर नाही. खोली इतकी शांत झाली की बाहेरच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. ताई एकदा उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली.

मी बाहेर आलो तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"तू आत बसलास की ते येत नाहीत. कळतं का तुला? एक दिवस चुकवलास त्यांचा."

"मग मला न्यायला कशाला बोलावलंस?"

तिने झाकलेल्या कपावरची बशी उगाच सरळ केली.

"भीती वाटली होती," ती म्हणाली. "त्यांची नाही. मला याची सवय होतेय, याची. मी पाळी बदलून घेतली, माहितीये? सकाळी घरी असावं म्हणून. पण ते होते तेव्हाही असंच होतं रे. दार बंद, आत घरघर, बाहेर मी. उतरले की घाईघाईने आंघोळ, की निघाले. हा कप तेव्हाही असाच गार व्हायचा. मग आता फरक काय पडला, सांग बरं?"

मी माणसाला बघून भाव सांगतो. कोण अडलेला आहे, कोण नुसता बघायला आलाय, मला दारातच कळतं. त्या सकाळी माझ्या बहिणीकडे बघून मला काही सांगता येईना.

मी सायकल न घेताच परतलो.

हिवाळा संपत आला तेव्हा एका सकाळी ताईचा फोन आला. "टीव्ही लाव."

बातमी होती. 'म्हणे' निघून गेलं होतं. अवाढव्य कंपनीने सह्या केल्या होत्या. भाऊजींचे साहेब मागच्या रांगेत हसत उभे होते.

"तू ये," ताई म्हणाली. "मला त्यांना सांगायचंय. एकटीने नाही जमणार."

त्याच संध्याकाळी पोहोचलो. सकाळी दोघं दाराबाहेर बसलो. तिने नेहमीसारखे कप भरले. चांगली साडी नेसली होती.

खट्... खट्.

घरघर सुरू झाली. दमलेली वाटली मला. की माझ्या मनाचे खेळ असतील.

ताई उठली. दाराला अगदी चिकटून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "झालं. झाला व्यवहार. सह्या झाल्या काल. कर्ज फिटतंय, पोरीला खोली मिळतेय, सगळं झालं. उतरा आता."

घरघर चालूच.

"ऐकताय ना? आता कोणी चाकं मोजत नाही. उतरा."

चाक मंद झालं.

आणखी मंद.

थांबलं.

खट्... एक पाय सुटला. खट्. दुसरा.

मग फरशीवर बुटांचा आवाज. जे बूट मी विकले होते, त्यांचा. एक एक पाऊल दाराकडे. भाऊजी जड पावलांचे होते. दाराशी येऊन आवाज थांबला.

ताईने स्टुलावरचा कप उचलला. बशी काढली. वाफ येत होती. पहिल्यांदाच तो गरम होता.

"चहा घ्या," ती म्हणाली.

दाराचं हँडल...

खाली गेलं. पूर्ण खाली. आणि तिथेच राहिलं. आतून कोणीतरी ते धरून उभं असावं तसं. बाहेर यावं की न यावं, याचा विचार करत असावं तसं.

ताई कप पुढे धरून उभी होती. ती हँडलला हात लावत नव्हती. मलाही लावू देत नव्हती. नुसती मान हलवत होती. त्यांना उघडू दे, त्यांना.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. चहावरची वाफ संपली, एवढं बघितलं.

मग हँडल हळूच वर आलं.

आम्ही दार उघडलं तेव्हा खोली रिकामी होती. सीट त्यांच्या मापावर. यादीत 'सावकाश' नव्हतं. त्यानंतर ते कधीच आलं नाही. आवाजही नाही.

काही दिवसांनी ताईने मला पुन्हा बोलावलं. सायकल ने म्हणाली. आणि सुताराला बोलावून मागच्या खोलीचं दारही बिजागऱ्यांसकट काढवून ठेवलं होतं.

"हेही ने. आता या घरात बंद दार नको."

सायकल आठवड्यातच विकली गेली, चांगल्या भावाने. एका तरण्याबांड मुलाने नेली. मी दोनदा फोन करून विचारलं, काही आवाज वगैरे? म्हणाला, काका, मस्त चालते.

दार मात्र गोदामात आहे. मागच्या भिंतीला टेकवलेलं. चांगलं लाकूड, आणि या वेळी खरं बोलतोय. कोणी विचारलं तर मी विकलं गेलंय म्हणतो.

कारण सकाळी शटर उघडून आत गेलो की कधी कधी त्याचं हँडल... खाली असतं.

मी उभा राहतो. बघत राहतो. ते हळूच वर येतं.

दारामागे भिंत आहे. उघडलं तरी कोणी कुठे येणार? आणि मी त्या दाराच्या आतल्या बाजूला उभा असतो की बाहेरच्या, हेही आता मला नक्की सांगता येत नाही. ताईला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दोन कप घेऊन गोदामात येऊन बसेल. माझी बहीण आहे, मला माहितीये, बसेलच.

तर हिशोब असा. अवाढव्य कंपनीला तिची चाकं मिळाली, साहेबांना मोठी केबिन. बँकेला तिचे पैसे पोहोचले. भाचीला खोली मिळाली. फोनवर म्हणाली, मामा, एकटीला करमत नाही रे. ताईची पाळ्यांची नोकरी सुटली, आता ती दिवसभर घरीच असते, आणि एकच कप भरते. मला एका सायकलचा नफा झाला.

मिळालं सगळ्यांना. किंमत भरली दोघांनी. आणि त्या दोघांच्या मध्ये जे एक दार होतं, ते आता माझ्याकडे आहे.